वानरीच्या लेकीची उडी

डोंगरातल्या एका जंगलात, ओढ्याच्या अलीकडच्या काठाला, वानरांची एक टोळी राहत असे. त्या टोळीत एक वानरी होती आणि तिला एक लेक होती. लेक लहानपणी इतकी चपळ, की बरोबरीचे नर तिच्यामागे पळून दमत. शेंड्याच्या बारीक फांदीवरून ती अशी सुटायची, की पान हललेले दिसायचे, ती दिसायचीच नाही.

पुढे लेक वयात आली. मुलींनो, वयात येणे हा काही आजार नव्हे. उंची वाढते, कंबर रुंद होते, अंग भरते. तसेच तिचे झाले. पण एके दिवशी ती जुन्या सवयीने शेंड्यावरून उडी मारायला गेली, तर फांदी कडकन मोडली आणि लेक खाली करवंदीच्या जाळीत पडली. शेजारची खार म्हणाली, "अगंबाई, मला वाटलं भोपळाच पडला!" लेक रडत आईकडे आली.

टोळीत एक रीत होती. अंग भरलेल्या पोरीने उड्या मारायच्या नाहीत, बुंध्याजवळच्या बेचक्यात बसून धाकट्यांच्या उवा काढायच्या. वानरीच्या जिवाला आधीच घोर. ती म्हणाली, "आता बास झालं. पुन्हा पडलीस, हात मोडला म्हणजे? बस इथं माझ्या डोळ्यांसमोर. मी आणून देते, तू खा." लेक बसली. सारा हिवाळा बसून राहिली. बरोबरीचे नर मात्र रोज उड्या मारत होते, त्यांचे दंड भरले. लेकीला दोन फांद्या चढल्या तरी धाप लागू लागली. वानरीला वाटले, वयच असे आहे, आपण बसवले तेच बरे केले.

त्या वर्षी अलीकडची झाडे फळलीच नाहीत. पलीकडे मात्र उंबर लगडले होते. टोळीचा म्होरक्या हुप्प्या म्हणाला, "पुनव झाली की निघायचं. जांभळावरून पलीकडच्या आंब्यावर उडी. जिला जमणार नाही तिनं खालून ओढ्याच्या वाळूतून यावं." आणि वाळूत तर रोज सकाळी बिबट्याचे ठसे दिसत.

"आपण दोघी इथंच राहू," ती लेकीला म्हणाली.

"आणि खायचं काय?"

वानरी रिकाम्या फांद्या चाचपू लागली. लेक तिच्याजवळ सरकली आणि म्हणाली, "आई, टोळी पलीकडून इकडं आली तेव्हा मी कुठं होते?"

"कुठं म्हणजे? माझ्या पोटाला चिकटून. चांगली नखं रुतवली होतीस."

"मग तू जड नव्हतीस?"

"होते की! पण मी काय शेंड्यावरून सुटले होय? जाड फांदी धरली, मागं सरकले, पळत आले, पाय रोवले आणि मग..." वानरी बोलता बोलता थांबली. आपलेच बोलणे तिला आत्ता ऐकू आले.

"म्हणजे जड अंगानंही उडी मारता येते," लेक म्हणाली. "मारायची पद्धत तेवढी वेगळी. मग मला का नाही सांगितलंस?"

"भीतीपुढं सुचलंच नाही गं," वानरी म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून दोघी जवळजवळच्या झाडांवर उड्या मारू लागल्या. आधी नुसती चढउतार, मग बेताची उडी. लेकीची फांदी हुकायची, ती एका हाताने लोंबकळायची, आई ओरडायची. ओटीपोटात दुखले की लेक आडवी व्हायची आणि बरे वाटले की पुन्हा उठायची. हळूहळू धाप कमी झाली. हुप्प्याने हे पाहिले. तो म्हणाला, "एवढी मोठी पोर हुंदडते, आईला काही वाटत नाही का?" वानरी म्हणाली, "दादा, ही रीत पाळणारी पोर आहे, हिला सोड, असं बिबट्याला तुम्ही सांगणार का?" हुप्प्या शेपूट उचलून निघून गेला.

पुनव झाली. टोळी एकेक करत पलीकडे गेली. खाली वाळूत बिबट्या पंजे चाटत बसला होता. लेकीने जाड फांदी धरली, मागे सरकली, पळत आली आणि झेपावली. आंब्याची धरायची ती फांदी हुकली, पण खालची हाताला लागली. फांदी वाकली, मोडली नाही. मागोमाग वानरीही आली आणि लेकीला घट्ट बिलगली.

अलीकडे आता एकटी हुप्प्याची मुलगी उरली होती. बेचक्यात बसून बसून तिचे पाय लटपटत होते. हुप्प्या हाका मारत होता, पण त्याच्या हाकेने तिच्या पायात बळ थोडेच येणार! त्याने वानरीकडे पाहिले. वानरीचा हात लेकीच्या पाठीवर होता. तिने तो काढून घेतला आणि म्हणाली, "जा. पण जाड फांदी बघून."

लेक परत उडी मारून अलीकडे आली. "घाबरू नकोस," ती त्या मुलीला म्हणाली. "आज ओढ्याकडं बघूच नको. आज फक्त त्या शेजारच्या झाडावर जायचं." टोळी पलीकडे त्या दोघींची वाट बघत थांबून राहिली. बिबट्या ऊन चढेपर्यंत बसला आणि उपाशीच उठून गेला.

तात्पर्य : वयात आल्यावर मुलीचे अंग बदलते, म्हणून तिला बसवून ठेवू नये, बदललेल्या अंगाने पळायला आणि उड्या मारायला तिला नव्याने शिकवावे.