ठकूबाईची परडी

फार वर्षांपूर्वी, आमच्या वेशीवर चिंचेऐवजी नुसता चिंचोका होता तेव्हा, गावच्या वाकड्या ओढ्याला एका पाटलाने सरळ केलं. वळणं बुजवली, काठची झाडं तोडली आणि निघालेल्या मळईच्या जमिनीत ऊस लावला. त्याला जमीन मिळाली, गावाला मात्र दोन्हीकडून मार बसला. पावसाळ्यात ओढा घरांत शिरे आणि होळीला विहिरी तळ गाठत. वरच्या डोहात टाकलेली काडी पाटलाचा विडा लावून होईपर्यंत वेशीला पोचे, इतकी पाण्याला घाई. लोक गाड्या भरून गाव सोडू लागले.

गावात ठकूबाई नावाची बुरडीण होती. हाताला कसबी, तोंडाला फटकळ. तिने धान्याच्या कणग्या विणायला घेतल्या, माणसाएवढ्या उंच. असं म्हणतात, बोटं सोलवटली तरी चाळिसावी कणगी होईपर्यंत ती उठली नाही. त्या तिने ओढ्यात आडव्या मांडल्या आणि बायांना हाताशी घेऊन दगडगोट्यांनी भरल्या. बुरडीण ओढ्याला धान्य साठवायला शिकवतेय, म्हणून लोक हसले. पण पाणी कणग्यांना अडलं आणि आपल्या जुन्या वळणांनी चालू लागलं. पाटलाचा ऊस बुडाला. ठकूबाईने तिथे करंज, जांभळी, वाळुंज लावले.

तीन वर्षं पाटील दातओठ खात राहिला. चौथ्या वर्षी दिवाळी सरताच त्याने कणग्या उपटायला गडी बोलावले. ठकूबाई चावडीपुढे उभी राहिली.

"पाटील, सकाळी वरच्या डोहात परडी सोडते. दिस बुडायच्या आत येशीला आली, तर कणग्या उपटा. म्या गाव सोडते."

पाटील पानाचा डबा घेऊन वेशीच्या दगडावर बसला. एक विडा झाला, दहा झाले, डबा रिकामा झाला. परडी काही येईना. बाईने लबाडी केली असणार, म्हणून तो काठी घेऊन काठाकाठाने शोधायला निघाला. बोलावल्याने जो कधी आला नसता, तो अशी आपल्या पायांनी पाहणी करू लागला. उसाच्या जागी डोक्याएवढा लव्हाळा होता. पाय उचलला की ठशात पाणी भरत होतं.

असं म्हणतात, तिसऱ्या वळणावर परडी सापडली आणि तिच्यात पाणकोंबडी अंडी उबवत बसली होती. एका दिवसात अंडी कशी, ते मला विचारू नका. सूर्य टेकायला अजून घटकाभर अवकाश होता. काठीने एकदा ढोसली असती, तर परडी वेशीला लागली असती. पाटलाने काठी उचलली, आणि खाली ठेवली. मग पायातल्या वहाणा काढल्या.

मागून ठकूबाई आली, तशी तो हळूच म्हणाला, "बाई, वढ्याला वळण लावलंस."

आजही दिवाळीनंतर पाटलाच्या घरचं माणूस डोहात परडी सोडतं आणि सारं गाव अनवाणी काठाने चालतं. परडी दिवसाउजेडी वेशीला पोचली, तर काठाची आणखी एक पट्टी नांगराबाहेर सोडून तिथे झाडं लावायची, असा गावचा कायदा आहे.

ठकूबाईने मरायच्या वर्षी सोडलेली परडी अजून आलेली नाही. विहिरी भरलेल्या आहेत, आणि गावाला कसलीच घाई नाही.