वाटाड्याचा डगला

फार पूर्वीची, म्हणजे आपल्या घाटात गाडीरस्ता नव्हता तेव्हाची गोष्ट. घाटाच्या माथ्यावर एक गाव होतं. गावात सगळं पिकायचं, पण मीठ काही पिकत नाही. ते खालून, कोकणातून यायचं. दसऱ्याला बैलांचा तांडा गावात यायचा, धान्य लादून घाट उतरायचा आणि पाठीवर मीठ घेऊन परत यायचा. तांडा चुकला, की वर्षभर अळणी खा आणि एकमेकांची तोंडं बघा!

घाटाची वाट मोठी वाईट. मधेच एक कडा होता, त्याला वाऱ्याचा कडा म्हणायचे. तिथे वारा असा घुसायचा की अंगातला सदरा फुगायचा आणि माणूस दरीकडे ओढला जायचा. म्हणून गावाने वाटाड्यासाठी एक कातडी डगला शिवून घेतला होता. जाड, अंगाबरोबर बसणारा, पुढे शिंगाच्या सात गुंड्या. दसऱ्याच्या सकाळी सगळ्यांसमोर वाटाड्याने तो घालायचा आणि साती गुंड्या लावून दाखवायच्या. मगच तांड्याचा नाईक पहिल्या बैलाचं दावं त्याच्या हातात द्यायचा. एक जरी गुंडी उघडी राहिली, तरी दावं मिळत नसे. कड्यावर उघडा डगला म्हणजे मरणच की!

गावाचा वाटाड्या होता हैबती. माणूस वाईट नव्हता हो, पण आळस असा की बसल्या जागी पाणी मागायचा आणि तेही कोमट. घाटाची वाट त्याला येत होती. पण पावसाळ्यानंतर एकदा खालपर्यंत उतरून वाट बघून यावी, दरड पडली असेल तर दगड बाजूला सारावेत, हे काम त्याने कधी मनापासून केलं नाही. त्याची बायको येसू, त्याच्याहून उंच आणि खांद्यांनी रुंद. तिचं माहेर घाटाच्या पायथ्याशी. त्यामुळे लहानपणापासून ती वाट तिच्या पायाखालची होती.

दसरा आठ दिवसांवर आला आणि हैबतीला खेकड्यांची आठवण झाली. ओढ्यात खेकडे माजले होते. गडी निघाला, आणि मिरवायला म्हणून अंगात डगला घालून निघाला. गावाचा डगला, खेकड्यांना! खेकडे इतके मिळाले की आणायला काही नाही. मग या शहाण्याने काय करावं? डगला काढला, त्यात खेकडे भरले, बाह्यांची गाठ मारली आणि ते बोचकं दुपारभर पाण्यात ठेवलं. खेकडे ताजे राहायला हवेत ना!

संध्याकाळी घरी आल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की डगला भिजून लोळागोळा झालाय. आता गावाला कळलं तर? घाबरून त्याने डगला चुलीवर टांगला, खाली जाळ केला आणि त्याच जाळावर खेकडे भाजले. खेकडे छान भाजले. डगलाही भाजला. सकाळी बघतो तर डगला आक्रसून कडक झालेला. बाह्या कोपरापर्यंत, छाती मुलाच्या मापाची, आणि हातात धरला तर पापडासारखा वाजतोय.

"अगं ए येसू! मेलो मी!" हैबती ओरडला.

येसूने डगला बघितला आणि कपाळावर हात मारला. "अहो, कातडं कुणी जाळावर वाळवतं का? आता उठा आणि राणूबाबांकडे जा. तो डगला त्यांनीच शिवलाय."

राणूबाबा म्हणजे गावातले कातडीकाम करणारे म्हातारे कारागीर. त्यांनी डगला उलटासुलटा केला, हुंगला आणि म्हणाले, "खेकड्यांचा वास येतोय."

हैबतीने हळूच आपली बोटं हुंगली.

"नशीब तुझं, कातडं जळलं नाही. नीट होईल," राणूबाबा म्हणाले. "पण मी करायचं काम अर्धंच आहे. अर्धं तुझं."

"माझं? मला काय येतं त्यातलं?"

"येण्यासारखं काही नाही. कोमट पाण्यात मी तो भिजवतो. कातडं मऊ झालं की तेल चोळतो, हळूहळू ओढतो. पण ओढून तो फक्त सैल होईल. माप त्याला अंगच देतं. तेव्हा ओला असतानाच तू तो घालायचा. चार दिवस. घालून बसायचं नाही, हं! हात वर करायचे, वाकायचं, ओझं उचलायचं, घाट उतरायचा आणि चढायचा. उन्हात नाही, शेकोटीजवळ तर नाहीच. रोज संध्याकाळी काढून तेल चोळायचं, सकाळी ओलसर फडका फिरवून पुन्हा घालायचा. आणि एक लक्षात ठेव, ज्याचा डगला त्याच्याच अंगावर वाळला पाहिजे."

"हो हो बाबा, करतो की," हैबती म्हणाला. त्याला घाई झाली होती.

दोन दिवस राणूबाबांनी डगल्यावर मेहनत घेतली. तिसऱ्या दिवशी मऊ पडलेला, ओला, गार डगला हैबतीच्या हातात आला. त्याने एक हात बाहीत घातला आणि "आई गं!" करून बाहेर काढला.

"काय झालं?" येसूने विचारलं.

"अगं, बर्फ आहे बर्फ! मला पडसं होईल. ऐन दसऱ्याला शिंकत उभा राहू का? तू घाल."

"मी? अहो, तुमचा डगला, तुम्ही घाला. बाबा काय म्हणाले?"

"म्हातारी माणसं काहीतरी म्हणतात. कातडं कोणाच्याही अंगावर वाळलं तरी वाळलंच ना? कातड्याला काय कळतंय आत कोण आहे ते!"

येसूला राग आला. खूप राग आला. पण डगला नीट झाला नाही, तर नाईक दावं देणार नाही आणि गावात मीठ येणार नाही, हे तिला दिसत होतं. लेकराबाळांच्या ताटात कुणाच्या आळसापायी अळणी भात का पडावा? तिने दात आवळले आणि डगला अंगात घातला.

पहिल्या दिवशी ती नुसती कुडकुडली. काखेत कातडं घासून कातडी सोलली गेली. तरी ती थांबली नाही. डगला घालून तिने पाणी भरलं, लाकडं फोडली, उखळात भात कांडला. दुसऱ्या दिवशी ती घाट उतरली. तिसऱ्या वळणावर तिला दरड दिसली. अख्खी वाट दगडांनी बुजलेली. मग तिने पदर खोचला आणि हलतील तेवढे दगड दरीत ढकलले, जे हलेनात त्यांच्या वरच्या अंगाने बैल जाईल एवढी वाट शोधून काढली. तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशीही तेच. संध्याकाळी घरी येऊन ती डगल्याला तेल चोळायची.

आणि हैबती? तो ओसरीवर बसून सांगत होता, "बाही नीट ओढ. कोपर वाकव. अगं, पाठीला जोर येऊ दे!" उंटावरून शेळ्या हाकणं दुसरं काय असतं?

दसरा उजाडला. धुकं इतकं दाट की समोरचा बैल दिसेना, नुसत्या घंटा ऐकू येत होत्या. तांडा खिंडीच्या तोंडाशी उभा होता. सारं गाव जमलं. हैबती डुलत डुलत पुढे आला आणि त्याने ऐटीत डगला अंगात घातला.

खांद्यात डगला ओघळला. बाह्या बोटांपर्यंत आल्या. आणि पोटाशी? पोटाशी दोन्ही काठ एकमेकांना भेटायलाच तयार नाहीत! हैबतीने श्वास ओढला आणि वरच्या तीन गुंड्या कशाबशा लावल्या. चौथीला तो लालबुंद झाला. पाचवी लावताना टच्कन आवाज आला आणि शिंगाची गुंडी उडून थेट नाईकाच्या पागोट्यावर बसली. पोरं फिदीफिदी हसली. मोठ्या माणसांना मात्र याचा अर्थ काय ते कळत होतं.

नाईकाने पागोटं झटकलं. "दावं देता येत नाही. मी पलीकडच्या घाटाने जातो. तुमचं मीठ पुढच्या वर्षी."

गावात हलकल्लोळ झाला. दोनतीन तरण्या गड्यांनी डगला अंगात घालून बघितला. कुणाच्या खांद्यात अडला, कुणाच्या कमरेत. एवढ्यात राणूबाबा काठी टेकत पुढे आले. त्यांनी डगल्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"कातडं उत्तम झालंय. चार दिवस कुणीतरी जीव तोडून राबलंय यात," ते म्हणाले. "पण हैबती, हा तुझ्या अंगावर वाळलेला नाही. कोणाच्या अंगावर वाळलाय, सांग."

लोकांनी इकडे तिकडे बघितलं. तेव्हा बायकांच्या घोळक्यातून येसू पुढे आली.

"माझ्या," ती म्हणाली.

"अगंबाई!" कुणीतरी ओरडलं. "बाईमाणूस तांडा उतरवणार? असं कधी झालंय का?"

"माझ्या बैलांना वाट कळते, बाईमाणूस कळत नाही," नाईक म्हणाला. तो हैबतीकडे वळला. "बोल वाटाड्या, पावसाने वाट कुठे मोडलीय?"

"वाट? वाट ठीक आहे की," हैबती म्हणाला.

नाईकाने येसूकडे बघितलं.

"तिसऱ्या वळणावर दरड आलीय," येसू म्हणाली. "मी वरून वाट काढलीय, पण तिथे एका वेळी एकच बैल घ्या. आणि खाली ओढ्याजवळ जमीन भुसभुशीत आहे, तिथे डाव्या अंगाने जायचं. कड्यावर दुपारनंतर वारा वाढतो, त्याआधी आपण पार व्हायला हवं. बोलत बसलो तर उशीर होईल."

हे शेवटचं वाक्य तिने अशा आवाजात म्हटलं, की नाईकाने हातातलं दावं नकळत पुढे केलं. मग भानावर येऊन तो हसला. "आधी गुंड्या."

राणूबाबांनी तुटलेली गुंडी दोन टाक्यांत बसवली. येसूने डगला घातला. खांदे खांद्यांवर बसले, बाही मनगटाशी थांबली. एक, दोन, तीन... गाव मोजत होतं. सातवी गुंडी लागली तेव्हा आधी बायका ओरडल्या, मग सगळेच. नाईकाने पहिल्या बैलाचं दावं तिच्या हातात दिलं.

हैबती धावत राणूबाबांकडे गेला. "बाबा, हा डगला पुन्हा भिजवा. या वेळी मी घालतो. आईची शपथ, मीच घालतो!"

"तो तर निघाला घाटाला," राणूबाबा म्हणाले. "तुला हवा असेल तर नवा शिवू. कच्चं कातडं कमवून मऊ करण्यापासून सुरुवात करावी लागेल. उद्या पहाटे ये, पाणी गार असतं तेव्हा."

हैबतीने मागे वळून बघितलं. येसू धुक्यात शिरत होती आणि तिच्यामागून दोनशे बैल एकेक करत निघाले होते. एकदाही तिने थांबून कुणाला वाट विचारली नाही.

पंधरा दिवसांनी तांडा मीठ घेऊन परत आला. एकही बैल दरीत गेला नव्हता. त्या वर्षापासून गावात वाटाडीण म्हटलं, की सगळ्यांना येसू कळायची.

तात्पर्य: ज्या कष्टाने डगल्याला माप येतं, ते कष्ट दुसऱ्यावर ढकलले की डगल्याचा मानही त्या दुसऱ्याच्याच मापाचा होतो.