ठकूचा बिनटोल्याचा सामना

"तुझ्या चेंडूला एकही टोला बसता कामा नये, आणि तुझ्याविरुद्ध सामना मात्र आम्हीच जिंकला पाहिजे!" सोनवडीच्या महाराजांनी ठकूला हुकूम सोडला.

महाराजांनी अमेरिकेहून बेसबॉल नावाचा खेळ आणला होता. मैदानाला लागूनच ठकूचं जोंधळ्याचं रान. माळ्यावर बसून ती गोफणीनं पाखरं उडवायची. एकदा गंमत म्हणून महाराजांनी तिला चेंडू टाकायला लावलं, तर अख्ख्या दरबारात कुणाला तो दांडूवर घेता येईना! बायका रूपानं नाव काढतात, गळ्यानं काढतात. आपण काढलं ते दगड भिरकावून, असं ठकू स्वतःच हसून सांगे.

पण शेजारच्या कुरणगडकर राजांपुढे महाराज जेवताना बोलून गेले, "ठकूला टोला हाणणारा अजून जन्मायचाय! आणि आमचा संघ कधी हरलेला नाही!"

"मग ठकू आमच्या संघातून खेळेल," कुरणगडकर मिशीत हसले. "एक बढाई तरी खोटी ठरेल!"

आता महाराज अडले होते. त्यांनी ठकूला बजावलं, "जमलं नाही, तर तुझं रान मैदानात जमा!"

"बढाई तुमी मारायची आन् रान माझं जायचं, व्हय म्हाराज?" ठकू म्हणाली. पण हुकूम तो हुकूम!

सामना सुरू झाला. आठ डाव सोनवडीकरांनी नुसती हवा झोडपली. कुरणगडकरांचे गडी तर आदल्या दिवशीच खेळ शिकलेले, तेही शून्यावरच. नवव्या, शेवटच्या डावात त्यांची पाळी पुन्हा कोरडी गेली आणि सोनवडीची आली. ठकूनं भरल्या कणसांकडे एकदा पाहिलं आणि चेंडू दिवाणजींच्या डोक्यावरून वीतभर नव्हे, पुरुषभर उंच भिरकावला!

चार चेंडू असे वाईट पडले, की खेळणारा फुकटात पहिल्या ठाण्यावर जातो आणि आधीच ठाण्यावर असलेल्याला पुढे ढकलतो; तिन्ही ठाणी ओलांडून घरच्या ठाण्यावर परतला, की एक धाव. महाराजांनी हा नियम मैदानावर इतक्यांदा ओरडून सांगितला होता, की माळ्यावरच्या ठकूला तो पाठ झाला होता. दिवाणजी चालत गेले, कोतवाल गेला, फौजदार गेला. तिन्ही ठाणी भरली! चौथे खुद्द महाराज. ठकूनं उगारलेला हात आखडला, कारण चेंडू दिसला की महाराजांचा दांडू फिरलाच म्हणून समजा.

ती जवळ जाऊन हळूच म्हणाली, "म्हाराज, काई करू नका. नुसतं हुबं ऱ्हावा. जमंल न्हवं?"

"गेली वीस वर्षं राज्यात आम्ही दुसरं काय केलंय?" महाराज पुटपुटले.

चार चेंडू चार दिशांना गेले. महाराज दात-ओठ खात उभे राहिले! दिवाणजी चालत घरच्या ठाण्यावर आले, एक धाव झाली, सोनवडी जिंकली!

"लबाडी!" कुरणगडकर गरजले. "धाव झाली, मग बिनटोल्याचा सामना कसला?"

"सरकार, बढाई टोल्याची व्हती, धावंची न्हाई. दांडूला चेंडू लागल्याचा आवाज कुणी ऐकला?"

 महाराजांनी अमेरिकेहून आणलेलं नियमांचं पुस्तक मागवून वाचलं. टोला नाही म्हणजे नाही. धावा होवोत, सामना जावो!

"रान तुला कायमचं इनाम!" महाराज ओरडले.

"अगं, हरलीस तू," कुरणगडकर हताश होऊन म्हणाले, "आणि इनामही तुलाच?"

"मग कुनाला देत्याल, सरकार? जिंकनाऱ्यानं तर दांडू बी हलवला न्हाई!"

यावर सगळ्यात मोठ्यानं हसले ते महाराजच!