सलोमेबाईंची सोबतीण

एका तालुक्याच्या गावी एकदा एक तरुण शिष्य सेवाकार्य शिकण्यासाठी तिथल्या चर्चच्या वृद्ध पाळकाकडे येऊन राहिला. शिष्याचे नाव एलिया. धर्मशास्त्राच्या परीक्षेत तो पहिला आला होता, वाणी खणखणीत होती, आणि प्रभूचे प्रेम जगाला सांगण्याची त्याला इतकी घाई होती की पानावर निवांत बसून जेवणेही त्याला जमत नसे. पाळकांना सारे गाव बाबा म्हणत असे. ते मोजके बोलत. त्यांच्या पत्नी सलोमेबाई मिशनच्या शाळेत जन्मभर शिक्षिका होत्या. गावातल्या निम्म्या माणसांनी मुळाक्षरे त्यांच्या हाताखाली गिरवली होती. आता अर्धांगवायूने त्यांचे पाय गेले होते, एक हात लुळा पडला होता, आणि चर्चच्या आवारातल्या घरात, खिडकीजवळच्या खाटेवर त्यांचे दिवस सरत होते.

आवारामागे ओढा होता आणि ओढ्यापलीकडे बंद पडलेली एक जिनिंग मिल. त्या वर्षी थंडीच्या तोंडावर मिलच्या पत्र्याच्या शेडमध्ये काही कुटुंबे राहायला आली. दूरच्या डोंगराळ मुलखातली, धर्माने मुसलमान, युद्धात घरेदारे जळाली म्हणून निघालेली. त्यांच्यातला कर्ता पुरुष मीर आगा. उंच, खांद्यात वाकलेला, मोडके हिंदी बोलणारा. बरोबर बायको, लहान मुले आणि म्हातारी आई, बीबी शरीफा.

एलियाने लगेच कंबर कसली. चर्चच्या मंडळीतल्या घराघरांतून त्याने धान्य आणि ब्लँकेटे गोळा केली, सायकलवर लादली आणि ओढा ओलांडला. प्रत्येक ब्लँकेटाच्या घडीत प्रभूची ओळख करून देणारी एक पुस्तिका त्याने आठवणीने ठेवली. शेडच्या दारात तो पोते उतरवी, हात जोडी आणि पुढच्या दाराकडे वळे. माणसे छातीवर हात ठेवून आभार मानत आणि दार लोटून घेत. तो पुन्हा जाई. दार पुन्हा लोटले जाई.

एके दुपारी मीर आगा स्वतःच चर्चच्या फाटकाशी आला. खांद्यावर गव्हाचे पोते होते, न उघडलेले. ते त्याने एलियाच्या पायाशी ठेवले.

"कंबल रखा है, बच्चे छोटे हैं," तो म्हणाला. "ये वापस लो।"

"का? गहू चांगले नाहीत का?" एलियाने हिंदीत विचारले.

मीर आगा शब्द शोधत म्हणाला, "तुम आते हो, रखते हो, चले जाते हो। मेरी माँ हर बार चाय चढ़ाती है। तुम बैठते नहीं।" मग मान खाली घालून तो म्हणाला, "हमारा भी घर था, भाई।"

आणि तो आल्या वाटेने परत गेला.

एलियाला ते लागले. संध्याकाळी तो बाबांजवळ बसून म्हणाला, "बाबा, त्यांची मनं कठीण आहेत. शास्त्र तर नकोच, आता धान्यही नको झालंय."

"चहा कसा होता त्यांचा?" बाबांनी विचारले.

"मी कुठं प्यालो?"



दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी काठी घेतली आणि ते ओढ्याकडे निघाले. एलिया मागून धावला. "बाबा, रिकाम्या हातानं कसं जायचं? थांबा, थोडी साखर तरी बांधून घेतो."

"नको रे. आज आपण मागायला चाललोय," बाबा म्हणाले.

मीर आगाच्या शेडमध्ये त्यांना सतरंजीवर बसवण्यात आले. वेलदोडा घातलेला कोरा चहा आला. बाबांनी तो सावकाश प्यायला, कप पुढे करून आणखी मागितला, मुलांची नावे विचारली आणि स्वतःची कंबर कशी दुखते तेही सांगितले. मग ते बीबी शरीफाकडे वळले. मोडक्या हिंदीत बोलणारा एक म्हातारा, आणि तेही न समजणारी दुसरी म्हातारी. मधे मीर आगा भाषांतर करत होता.

"बीबी, माझी बायको अंथरुणाला खिळली आहे. दुपारी मला बाहेर जावं लागतं. तिला सोबत हवी आहे. तुम्ही येऊन बसाल का तिच्याजवळ?"

एलियाचा चेहरा शरमेने तापला. सलोमेबाईंजवळ बसायला मंडळीतल्या बायका पाळीपाळीने येतच होत्या. ज्यांच्या डोक्यावर धड छप्पर नाही त्यांच्याकडे बाबांनी सेवा मागावी?

मीर आगानेही कपाळाला आठ्या घातल्या. "नौकरी?" त्याने विचारले.

"नहीं," बाबा म्हणाले. "पड़ोसी।"

त्याने आईला ते सांगितले. बीबी शरीफाने बाबांकडे पाहिले. मग उठून तिने कोपऱ्यातल्या गाठोड्यातून धुतलेली पांढरी चादर काढली, डोक्यावरून घेतली, पदरासारखी नीट केली आणि मुलाला काहीतरी म्हणाली.

"माँ पूछती है, अभी चलें?"

मंडळीत मात्र गहजब झाला. सोबतीच्या पाळ्या लावणारी दीनाबाई कमरेवर हात देऊन बाबांसमोर उभी राहिली. "आम्ही मेलो होतो का, बाबा? ना ओळख, ना भाषा. घर उघडं टाकून जाता आणि ही परकी बाई आत!"

"तू येऊ नकोस असं कुठं म्हटलं मी? तीही येईल, तूही ये," बाबा म्हणाले.

एलियाने एकांतात कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, "आत्ता सांगून उपयोग नाही. तू एक कर. बीबींना रोज आणायचं आणि पोहोचवायचं तुझ्याकडे. चहा दिला तर नाही म्हणायचं नाही. कुणी विचारल्याशिवाय उपदेश करायचा नाही. आणि विचारलं तर लपवायचं नाही."

पहिल्या दुपारी दोन्ही वृद्धा एकमेकींकडे नुसत्या पाहत बसल्या. मग बीबी शरीफाचे लक्ष सलोमेबाईंच्या केसांकडे गेले. पडून पडून त्यांची जट झाली होती. तिने फणी मागितली, खुणेनेच, आणि तेल लावून एकेक गुंता सोडवत ती सूर्य कलेपर्यंत बसली. शेवटी तिने दोन वेण्या घातल्या. आरशात पाहून सलोमेबाई म्हणाल्या, "अगं, शाळेत जाऊ की काय आता?"

नमाजाची वेळ झाली की बीबी जागा शोधू लागे. ते ओळखून सलोमेबाईंनीच एलियाला टेबल सरकवायला लावले. बीबी नमाज पढत असे तेव्हा सलोमेबाईही डोळे मिटून हात छातीवर ठेवत. दारात उभ्या असलेल्या एलियाला सुरुवातीला नजर कुठे ठेवावी ते कळत नसे. काही दिवसांनी त्याचेही डोळे आपसूक मिटू लागले.

शिक्षिकेचा स्वभाव मरेपर्यंत जात नाही म्हणतात. सलोमेबाईंनी बीबीला मराठी शिकवायला घेतले. पाणी. खिडकी. ऊन. ये. बस. बीबी चुकली की त्या पुन्हा म्हणून घेत. बीबी आपल्या अंगणातल्या तुतीच्या झाडांचे हातांनी वर्णन करी. एकदा ते करता करता तिचे हात हवेतच थांबले आणि ती रडू लागली. सलोमेबाईंना उठून जवळ घेता येत नव्हते. त्यांनी चांगला हात लांबवला, आणि बीबी तो हात गालाशी धरून बसली. एका दुपारी बाहेरून परतलेले बाबा दाराबाहेरच थबकले. आत दोघी हसत होत्या. आजारपणानंतर आपल्या पत्नीचे हसू त्यांनी ऐकले नव्हते. ते तसेच पायरीवर बसून राहिले.

दीनाबाई पाळत ठेवायला म्हणून येई. हळूहळू तीही भाजी निवडायला घेऊन त्या खोलीतच बसू लागली. आणि एलिया? तो ओढ्यापलीकडे सतरंजीवर बसून चहा पिऊ लागला होता, मुलांचे पतंग दुरुस्त करू लागला होता, आणि मीर आगाच्या भावाची, जो वाटेतच दगावला, त्याची कहाणी त्याने मध्ये एक शब्दही न बोलता ऐकून घेतली होती.

उन्हाळ्यात विपरीत घडले. गावातल्या एका बड्या व्यापाऱ्याच्या गोदामाचे कुलूप फुटले. चोर सापडला नाही, पण बोटे ओढ्याकडे वळली. मिलही त्याच व्यापाऱ्याची होती. चावडीपुढे लोक जमले आणि मिल आजच्या आज रिकामी करायची, असा सूर निघाला. एका बाजूला मीर आगा आणि त्याची माणसे मान खाली घालून उभी होती. शेडमध्ये बायकांनी गाठोडी बांधायला घेतली होती. ते काम त्यांच्या हातांना सवयीचे होते.

बाबा बोलायला उभे राहिले. लोकांनी आदराने ऐकले, पण मानले नाही. एलियाही बोलला. त्याचा खणखणीत आवाज त्या गलक्यात कुठल्या कुठे विरून गेला.

व्यापारी हात वर करून म्हणाला, "बाबा, तुम्ही सगळ्यांनाच चांगलं म्हणता. पण या माणसांना ओळखतं कोण? गावात एक घर दाखवा, ज्यानं आपलं दार यांच्यावर सोपवलंय."

"माझं," बाबा म्हणाले.

"तुम्ही साधू माणूस. तुमच्या घरात चोरण्यासारखं आहे काय?"

लोक हसले. ते हसणे पुरते ओसरलेही नव्हते, तोच मागची गर्दी दुभंगू लागली. मंडळीतल्या बायका एक खाट खांद्यावर घेऊन येत होत्या. पुढच्या खुराला दीनाबाई होती, घामाने निथळत. खाटेवर सलोमेबाई होत्या, आणि शेजारून, त्यांच्या तोंडावर छत्री धरून, बीबी शरीफा चालत होती. आजारी पडल्यापासून सलोमेबाईंनी उंबरठा ओलांडला नव्हता. माणसांनी नकळत हात जोडले.

खाट व्यापाऱ्यासमोर ठेवली गेली. तो गोंधळून पुढे झाला. "बाई, एवढ्या उन्हात तुम्ही कशाला आलात?"

"तुझा आवाज माझ्या खिडकीपर्यंत येत होता, दिगंबर. शाळेत धडा वाचताना एवढा आवाज काढला असतास तर!"

कुणीतरी खुदकन हसले. सलोमेबाई हसल्या नाहीत.

"चोरण्यासारखं काय आहे, असं विचारलंस ना? खरंच, माझ्याजवळ राहिलंय काय? हे एक शरीर. तेही मला हलवता येत नाही. कितीतरी दुपारी दार लोटून ही बाई आणि मी, दोघीच असतो. ती माझी कूस बदलते, तोंड पुसते, घास भरवते. मी माझा जीव हिच्या हातात दिलाय, आणि तू कुलपाचं काय घेऊन बसलास?"

दीनाबाई पदराने कपाळ पुसत म्हणाली, "मी आधी नजर ठेवायला जात होते. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय सगळं. आता मी तिथं बसायला जाते."

व्यापारी उन्हात तसाच उभा होता. बीबी शरीफाने त्याच्याकडे पाहिले. काय चालले आहे ते तिला अर्धेच कळत होते, पण समोरच्या माणसाच्या डोक्यावर ऊन आहे एवढे दिसत होते. तिने छत्री थोडी त्याच्या बाजूला कलती केली आणि म्हणाली, "ऊन. ये. बस."

त्याचे डोळे भरून आले. तो खरोखरच खाटेच्या पायथ्याशी खाली बसला, जसा कधीकाळी पाटी घेऊन बसत असे. लोकांकडे न पाहता तो म्हणाला, "मिल कुणी रिकामी करणार नाही. कुलूप माझं फुटलंय, चोर मी शोधीन."

परतताना बायकांना कुणी खाट उचलू दिली नाही. पुढचा एक खूर मीर आगाने धरला, दुसरा व्यापाऱ्याने, आणि मागच्या खुरांसाठी माणसांची झोंबाझोंबी झाली. सारे गाव मागून निघाले. "हळू, दिगंबर, ओढ्याशी खळगा आहे," असे सलोमेबाई वरून बजावत होत्या. नवरीच्या मेण्यालाही एवढा थाट नसेल, असे पुढे कित्येक दिवस लोक सांगत असत.

त्या संध्याकाळी एलिया बाबांजवळ येऊन बसला. "बाबा, हे होणार हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"मुळीच नाही. मी काही डाव टाकला नव्हता. मला खरोखरच गरज होती. मंडळीतल्या बायका प्रेमानं यायच्या, पण कीव घेऊन यायच्या. जिचं अंगणच गेलंय, तिलाच पाय गेलेल्या बाईचं दुःख कळणार, असं मला वाटलं." बाबांनी काठी भिंतीला टेकवली. "आणि दुसरं असं, एलिया, देणाऱ्याचा हात नेहमी वर असतो. तू चांगलं देत होतास, पण प्रत्येक वेळी घेणारे थोडे आणखी खाली जात होते. ज्याच्याजवळ मागण्यासारखं काही आहे असं आपण मानतो, तोच शेजारी. बाकीचे सगळे लाभार्थी."

एलिया उठला आणि ओढा ओलांडून गेला. शेडपुढे सतरंज्या अंथरल्या होत्या, बांधलेली गाठोडी सुटत होती. मीर आगाने त्याला शेजारी ओढून बसवले आणि म्हणाला, "ईसा को हम भी मानते हैं, पैगंबर। तुम उनको अलग तरह जानते हो। इतने महीने तुमने कुछ नहीं कहा। आज मैं पूछता हूँ। सुनाओ।"

एलियाला कितीतरी प्रवचने तोंडपाठ होती. ओठांवर मात्र एक साधी गोष्ट आली. तो सांगू लागला, की प्रभू एकदा चालून चालून थकले होते, भर दुपारी एका विहिरीच्या काठावर बसले होते, आणि परक्या जमातीची एक बाई घडा घेऊन तिथे आली. तिच्याशी त्या काळी त्यांच्यातले कुणी बोलतसुद्धा नसे. प्रभूंजवळ तिला देण्यासारखे पुष्कळ होते. पण आधी त्यांनी तिच्याकडे पाणी...

एलिया थांबला. ही गोष्ट त्याने अनेकदा शिकवली होती.

"फिर?" मीर आगाने विचारले. "पानी क्या?"

"माँगा," एलिया हळूच म्हणाला. "पहले उन्होंने माँगा।"