धुरपाआईचं पाणी

आसनवडीला तेव्हा रस्ता नव्हता, ओढ्यावर पूल नव्हता आणि पटकीच्या साथीचं नाव कुणी तोंडाने घेत नसे. नुसतं ‘ती आली’ एवढंच म्हणायचे. त्या काळची ही गोष्ट. ती पाहिलेलं कुणीच आता उरलेलं नाही, पण आसनवडीच्या प्रत्येक घरात ती माहीत आहे.

त्या गावात धुरपा नावाची एक कुंभारीण होती. नवरा तरणाताठा असतानाच गेलेला. पाच लेकरांतली चार मातीत गेली आणि एकटी बायजा तेवढी जगली. धुरपाने चाकावर मडकी घडवून तिला वाढवलं, चांगलं घर बघून तिला दिली आणि त्या वर्षीच्या चैत्रात ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातवा महिना लागला होता. धुरपाने त्या आनंदात नेहमीच्या दुप्पट मडकी केली. अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही.

वैशाखात यात्रेहून माणसं परतली आणि त्यांच्यामागून ती आली. पहिल्या दिवशी दोघं गेले, दुसऱ्या दिवशी सात. गाव मरीआईच्या देवळापुढे गोळा झालं. देवीचा देवऋषी होता गणूबा. माणूस लबाड नव्हता, बरं का. त्याचा धाकटा भाऊ अशाच दुखण्यात तांब्याभर गार पाणी घटाघटा प्याला होता आणि तांब्या खाली ठेवायच्या आत त्याने मान टाकली होती. ते गणूबाने डोळ्यांनी बघितलं होतं. म्हणून तो घुमला आणि त्याच्या तोंडून देवी बोलली, “तहान हीच माझी परीक्षा. दुखणं लागल्यावर तीन दिवस जो पाण्याचा थेंब घेणार नाही, तो तरेल. जो पिईल आणि जो पाजेल, त्याला मी सोडणार नाही.”

गावाने हात जोडले. धुरपानेही जोडले.

साथीच्या चौथ्या दिवशी सकाळी बायजाला उलट्या सुरू झाल्या. दुपारपर्यंत तिचे डोळे खोल गेले, बोटांची कातडी धुणं धुतल्यासारखी सुरकुतली. ती पाणी मागू लागली.

“आये, एक घोट दे की.”

“सोस, माझे बाय. देवी बघतेय.”

“घोट नको. ओलं फडकं तरी लाव ओठाला.”

धुरपाने फडकं उचललं आणि परत ठेवलं. दोन्ही हात मांडीखाली दाबून ती लेकीच्या उशाशी बसून राहिली. आपलं मन हलू नये म्हणून ती देवीचं नाव घेत होती. ऊन कलायला लागलं तेव्हा बायजाने मान वळवून दारातून अंगणाकडे पाहिलं. नवीकोरी मडकी उन्हात ओळीने बसली होती.

“आये,” ती म्हणाली, “एवढी मडकी कुणासाठी केलीस गं?”

त्यानंतर ती बोलली नाही. पोटातलं लेकरूही तिच्याबरोबर गेलं.

लेकीला पोचवून धुरपा घरी गेलीच नाही. तशीच देवळात गेली आणि देवीसमोर उभी राहिली. “तू परीक्षा घेतलीस,” ती म्हणाली. “मी उतरले परीक्षेला. एक थेंब दिला नाही. आता एवढंच सांग, माझी लेक तुझ्यासाठी गेली, का उगीच गेली?”

देवी शेंदरातून बघत राहिली. धुरपा उत्तराची वाट बघत पायरीवर बसली. अन्न नाही, झोप नाही. तिला दुसरं काही नको होतं, एवढंच कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी देवळामागच्या घरातून हाक आली. केरबा सुताराची हाक. केरबा म्हणजे गावातला थट्टेखोर माणूस, मयतीलाही कुणाला तरी हसवायचा. आता तो खाटेवर पडला होता आणि बायको हौसा पाण्याचा डेरा अडवून बसली होती.

“हौसे, देवीला सांग, केरबा हरला,” तो घोगऱ्या आवाजात म्हणत होता. “जिंकणाऱ्यांना पाणी नसेल. हरलेल्याला चालतं का, तेवढं विचार.”

धुरपा पायरीवरून उठली. घरी जाऊन अंगणातलं एक गाडगं उचललं, भरलं आणि केरबाच्या दारात गेली.

“आक्का, पाया पडते, नका देऊ,” हौसा रडत म्हणाली. “देवी कोपेल.”

“कोपू दे. माझ्यावर कोपायला तिला आता काय उरलंय? सरक.”

केरबा प्याला आणि लगेच ओकला. धुरपाने पुन्हा पाजलं, या वेळी पळीने, थोडं थोडं. तेही पडलं. मग तिने मडकी भाजायच्या आव्याच्या निखाऱ्यावर कण्यांचं पाणी शिजवलं, त्यात मीठ टाकलं आणि कोमट करून पळीपळीने घातलं. ते पोटात ठरलं. ती दिवसभर पळी हलवत राहिली आणि चौथ्या दिवशी केरबा उठून बसला.

पण सगळे उठले नाहीत. धुरपा नऊ घरांत पाणी घेऊन गेली आणि त्यातली चार माणसं मेली. गावाने वाचलेले सोडून ते चारच धरले. आडावर बायकांनी तिची घागर ढकलून दिली. “लेकीला खाल्लीस, आता गाव खा,” एक म्हणाली. गणूबाने आडाभोवती काटे टाकायला लावले. ओढ्याच्या कोरड्या पात्रात जिथून धुरपा माती आणायची, तिथे चिकणमातीखाली ओल असते हे तिला ठाऊक होतं. तिने हातांनी झरा उकरला. नखं गेली, पण पाणी लागलं. त्या दिवसापासून तिच्या डोक्यावरची घागर कधी रिती झाली नाही, असं म्हणतात. सतरा घरं फिरली तरी शेवटच्या घरात पळीभर उरायचंच.

आणि असंही म्हणतात की एका दुपारी वेशीवरच्या लिंबाखाली तिला एक अनोळखी बाई पडलेली दिसली. हिरवं लुगडं, कपाळभर मळवट, ओठ फाटलेले. धुरपाने घागर उतरवली. बाई पळीने प्यालीच नाही. तिने घागरीला तोंड लावलं आणि सबंध घागर संपवली. तेव्हा धुरपाने तिला ओळखलं.

“माझी लेक का नेलीस?” तिने विचारलं.

“मी नेली नाही.”

“मग परीक्षा कुणाची होती?”

“कुणाचीच नव्हती,” ती म्हणाली. “तुझ्या लेकीजवळ मी होते. मलाही तहान लागली होती.”

“मग मागायचं होतंस!”

“मागत होते,” देवी म्हणाली. “तिच्याच तोंडाने मागत होते.”

लिंबाखाली कुणी उरलं नव्हतं. घागर मात्र काठोकाठ भरलेली होती. धुरपाला ती डोक्यावर घेता येईना. पहिल्यांदाच तिला ती उचलवत नव्हती. तिला उत्तर मिळालं होतं, पण ते पेलवणारं नव्हतं. ती तिथेच मातीत बसून ओरडून रडली. आतापर्यंत ती रडलीच नव्हती. मग पदराने तोंड पुसून तिने घागर उचलली आणि पुढच्या घरी गेली, कारण तिथे कुणीतरी मागत होतं.

शेवटी गणूबा पडला. घरचे सगळे दाराबाहेर उभे. धुरपा आत गेली, तर त्याने दात आवळून घेतले.

“मला सोसू दे,” तो म्हणाला. “मी गावाला सोसायला लावलं.”

“सोस की. तू तुझ्या मनाने सोसतोयस. माझ्या पोरीला मी सोसायला लावलं होतं. मी जबरदस्ती नाही करत, दादा. नुसतं विचारते. पाणी पाहिजे का?”

इतक्या दिवसांत गावातल्या एकाही दुखणेकऱ्याला कुणी हे विचारलं नव्हतं. गणूबाचे डोळे भरले. त्याने तोंड उघडलं.

तो वाचला. पण चार दिवसांनी ओढ्याच्या वाटेवर धुरपा पडली. घागर कलंडली, फुटली नाही. कुणीतरी ओरडत गावात आलं, आणि स्वतःच्या पायावर धड उभा न राहणारा गणूबा हातात पाण्याचं गाडगं घेऊन पळत सुटला. दोनदा पडला, दोनदा उठला.

पुढचं सगळे सारखं सांगत नाहीत. सुताराच्या घरचे म्हणतात की ती घोटभर प्याली आणि शांत झाली. गणूबाच्या घरचे म्हणतात की तिने गाडगं हाताने बाजूला सारलं. “आधी बायजाला,” म्हणाली, आणि गेली. गणूबा देवळात परत कधी घुमला नाही. आडाभोवतीचे काटे त्याने स्वतःच्या हातांनी काढले.

आसनवडीत आता नळ आहे, दवाखाना आहे. ओढ्यातला झरा बुजला आहे आणि धुरपाआईचं देऊळ कुणी बांधलेलं नाही. पण त्या गावात एक रीत आहे. कुणाच्या घरी मोठं दुखणं आलं, मूल गेलं, घर जळालं, तरी तिथे बसून ‘देव परीक्षा बघतोय’ असं म्हणायचं नाही. गावातलं कुणी म्हणत नाहीच. बाहेरगावचा एखादा पाहुणा, बिचारा धीर द्यायच्या इच्छेने, म्हणून जातो. मग घरातली सगळ्यात म्हातारी बाई उठते. भांडत नाही, रागावत नाही. एक रिकामी घागर आणून त्याच्या हातात देते.

“पाव्हणं,” ती म्हणते, “एवढी भरून आणा. मग बोलू.”