कोरं डावं पान

तालुक्याच्या एका कॉलेजात ढवळीकर सर संगणकशास्त्राची तोंडओळख करून देत आणि संवादकौशल्यही शिकवत. संवाद म्हणजे सरांनी सांगायचं आणि साठ जणांनी लिहून घ्यायचं. संगणकांना धूळ लागू नये म्हणून ते वर्षभर कापडाखाली असत. त्यामुळे प्रोग्राम जर्नलमध्ये लिहायचा आणि त्याचं उत्तर डाव्या पानावर पेन्सिलीने काढायचं, अशी रीत होती.

एक ते दहा अंक छापणारा प्रोग्राम सर सांगत होते, तेव्हा रेवती घोलपने हात वर केला होता. सर म्हणाले, "आधी प्रोग्राम संपू दे, मग शंका विचार."

प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून परीक्षक बाई आल्या. एकोणसाठ जर्नलांत दहा अंक सुबक काढलेले होते. रेवतीचं डावं पान कोरं होतं.

"नापास करा हिला," सर म्हणाले. "एवढं साधं उत्तर लिहिता येत नाही."

बाईंनी एका संगणकावरचं कापड काढलं आणि जर्नलमधला प्रोग्राम जसाच्या तसा चालवला. अंक वाढवणारी ओळच त्यात नव्हती. पडद्यावर नुसता १, त्याखाली पुन्हा १, थांबायचं नाव घेईना.

सरांचा चेहरा पडला, आवाज मात्र चढला. "चूक दिसली होती, तर मला विचारलं का नाहीस?"

रेवतीने शांतपणे पडद्याकडे बोट दाखवलं.

"विचारणारच होते सर. पण प्रोग्राम अजून संपलेला नाही."