एका दाताची चूक

खाडीकाठच्या एका गावात एक इंजिनमिस्त्री राहायचा. त्याच्या हाताला यश आहे असं लोक म्हणत, आणि ऐकून ऐकून त्यालाही ते पटलं होतं.

खाडीवर पूल नव्हता. दवाखाना, बाजार, सगळं पलीकडे. ने-आण करायला एकच होडी होती आणि तिची मालकीण स्वतःच सुकाणू धरायची.

होडीचं इंजिन तेल खाऊ लागलं, म्हणून मिस्त्रीने ते पूर्ण खोललं, नवा पिस्टन घातला आणि पुन्हा जोडलं. पण आता ते लवकर सुरू होईना. पांढरा धूर सोडी, आणि जोर तर उरलाच नव्हता.

डिझेलमध्ये पाणी असेल, असं मिस्त्री म्हणाला. होडीवालीने टाकी रिकामी करून नवं डिझेल भरलं. मग त्याने डिझेलचा फवारा सोडणारं नोझल बदलायला लावलं. मग होडीखालच्या पंख्याला कालवं चिकटली असतील म्हणाला, तेव्हा तिने होडी काठावर ओढून पंखाही खरवडला. इंजिन तसंच रडत राहिलं.

शेवटी तिने विचारलं, "मिस्त्री, आतली चाकं एकदा बघता का?"

"ती मी स्वतः बसवलीत, काकी," तो म्हणाला, आणि विषय तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळी होडी माणसं घेऊन निघाली. मध्यावर पाण्याची ओढ इंजिनाला झेपेना. होडी आडवी झाली आणि खाडीच्या मुखाजवळच्या खडकांकडे वाहू लागली. मिस्त्री धक्क्यावरून बघत होता. एका मच्छीमाराने दोर टाकून तिला कशीबशी ओढून आणलं. भिजलेली माणसं एकेक करून उतरली. मिस्त्रीला कुणी बोल लावला नाही. लावला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

होडीवाली एका म्हातारीला घरी पोचवायला गेली, तेव्हा त्याने इंजिनाचं झाकण काढलं. आत एकमेकांत अडकलेली दोन दातेरी चाकं असतात. त्यांच्यावरच्या खुणा समोरासमोर याव्या लागतात, तरच व्हॉल्व्ह वेळेवर उघडतात. इथे खूण एका दाताने चुकली होती. त्याने चाक नीट बसवलं, आणि इंजिन लगेच सुरू झालं.

आवाज ऐकून होडीवाली आली. काय होतं, असं तिने विचारलं.

नवं नोझलच खराब निघालं, असं सांगता आलं असतं. तिने ते खरं मानलं असतं, आणि पुढे दर वेळी चांगलं नोझल फेकून दिलं असतं.

"चाक मीच चुकीचं बसवलं होतं," तो म्हणाला. "तुम्ही म्हणालात तेव्हाच बघितलं असतं, तर आजचं टळलं असतं."

ती इंजिनाजवळ येऊन बसली. मग म्हणाली, "ती खूण कुठे असते, मला दाखवा." त्याने पुन्हा झाकण काढून दाखवली.

गोष्ट गावभर झाली. काहींनी आपली इंजिनं दुसरीकडे नेली, ती परत आलीच नाहीत. होडीवालीने मात्र मिस्त्री बदलला नाही. कुणी कारण विचारलं तर ती म्हणायची, की चुकतात सगळेच, पण हा चुकला तर आपल्याला कळतं.

तात्पर्य इतकंच: बिघाड शोधताना आपल्या हातचं काम सगळ्यांत आधी उघडून बघावं, आणि सापडलं ते तसंच सांगावं.